बेळगावातले बँड सोशल मीडियावर प्रमोशन कसं करतात: माझ्या फॉर्ममध्ये चुकतंय काय?

शहापूरकर_फायनल_सेम
नमस्कार सगळ्यांना. शेवटच्या सेमला प्रोजेक्ट आहे, विषय "बेळगाव भागातले बँड सोशल मीडियावर आपल्या संगीताचं प्रमोशन कसं करतात". इन्स्टावर शोधून बँडची लिस्ट केली, गुगल फॉर्म बनवला आणि पाठवायच्या आधी गाईड मॅडमना दाखवला तर त्यांनी पहिल्याच प्रश्नावर गोल केला आणि म्हणाल्या तू आधीच काय काय धरून चाललीयस ते लिहून आण, मग फॉर्म बघते. पहिला प्रश्न असा आहे, "तुम्ही प्रमोशनसाठी कोणता प्लॅटफॉर्म वापरता? इन्स्टाग्राम / फेसबुक / युट्यूब / इतर". यात मी काय धरलंय? साधा तर प्रश्न आहे. बँडमध्ये असलेलं किंवा असला रिसर्च केलेलं कोणी असेल तर सांगा प्लीज.

कीबोर्ड_अनगोळ
मॅडम बरोबर बोलल्यात की. तू धरलंयस की बँड प्रमोशन करतो, सोशल मीडियावर करतो आणि संगीताचं करतो. तिन्ही तपासायला पाहिजेत.

आमचंच सांगतो. लग्न, हळदी, मंडळाचे कार्यक्रम, वाढदिवस असं सगळं वाजवतो. आमचं पेज आहे पण ते ड्रमरचा चुलतभाऊ बघतो, तो कॉलेजला गेला की पेज झोपलं. मागच्या सीझनला आमची सगळ्यात जास्त चाललेली रील आमच्या पेजवर नव्हतीच, ती लग्नाच्या फोटोग्राफरच्या पेजवर होती. नवरीची एन्ट्री, मागं आम्ही वाजवतोय, स्क्रीनवर माझा अर्धा हात दिसतो बस. आणि टॅग कोणाला, तर डेकोरेशनवाल्याला आणि मेकअपवालीला. लोकांनी कॉमेंटमध्ये विचारलं "बँड कुठला", तेव्हा नवरीच्या भावानं आमचा नंबर टाकला. आता हे प्रमोशन कुणी केलं सांग? तुझ्या फॉर्ममध्ये हे कुठं बसणार? मी भरला असता तर इन्स्टाग्रामवर टिक करून मोकळा झालो असतो आणि तू लिहिलं असतंस की हा बँड इन्स्टावर प्रमोशन करतो.

दुसरं म्हणजे आम्ही पिक्चरची गाणी वाजवतो त्यामुळं पूर्ण व्हिडिओ टाकला की कधी ऑडिओ म्यूट होतो, कधी कॉपीराइटचा क्लेम येतो. म्हणून पोरं नुसता ढोलकीचा पीस टाकतात नाहीतर स्टेज लावतानाचा व्हिडिओ. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं यांची कंटेंट स्ट्रॅटेजी पडद्यामागचं दाखवायची आहे 😄 स्ट्रॅटेजी कसली, म्यूट होऊ नये एवढंच.

खडेबाजार_बॉय
एवढं खोलात कशाला जाताय, डिग्रीचा प्रोजेक्ट आहे पीएचडी नाही. फॉर्म पाठव, पाय चार्ट काढ, मार्क मिळतात.

टिळकवाडी_रिसर्च
मार्क मिळतील वो, पण तिनं विचारलंय वेगळं.

मी मास कॉमचा आहे, माझं थोडं ऐक. सगळ्यात मोठी गोम तुझ्या लिस्टमध्येच आहे. इन्स्टावर शोधून लिस्ट केलीस म्हणजे जे इन्स्टावर आहेत तेच सापडणार, मग शंभर टक्के बँड इन्स्टा वापरतात असंच उत्तर येणार, नाही का? आपल्याकडं ब्रास बँड आहेत, ऑर्केस्ट्रा आहेत, ढोल-ताशा पथकं आहेत, कॉलेजची रॉकवाली पोरं आहेत, खानापूर निपाणीकडं गेलीस तर अजून वेगळे. यातले किती जण फक्त फोनवर आणि व्हॉट्सॲप स्टेटसवर चालतात ते तुला घरात बसून कळणारच नाही. स्टेटस २४ तासांत जातं, बाहेरच्याला दिसत नाही, मागं काही उरत नाही. जे मोजायला सोपं तेवढंच होतंय असं धरलं की संपलं.

आणि बंद पडलेले बँड सोडू नकोस. रोज रील टाकून पण काम न मिळालेले बँड तुझ्या लिस्टमध्ये नसतील कारण ते आता नाहीतच. चालू असलेल्यांना विचारलं तर ते म्हणणार रील टाकली म्हणून चाललं.

एक अनुभव वाचण्यासारखा आहे. आर्क्टिक मंकीज म्हणून इंग्लंडमधल्या शेफील्डचा बँड, २००६ च्या जानेवारीत त्यांचा पहिला अल्बम आला आणि तुफान विकला. तेव्हा सगळीकडं छापून आलं की मायस्पेसनं, म्हणजे तेव्हाच्या एका सोशल साईटनं, यांना मोठं केलं. पण बँड सुरुवातीला कार्यक्रमात डेमो सीडी फुकट वाटायचा, ती गाणी चाहत्यांनीच नेटवर पसरवली आणि मायस्पेसचं पेज पण चाहत्यांनीच काढलेलं. कीबोर्डवाल्यांची नवरीच्या भावाची गोष्ट आणि ही गोष्ट एकाच जातीची आहे, फक्त तिकडं ती उलटी छापली गेली.

त्याच वर्षी सायन्स या शोधपत्रिकेत साल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांचा प्रयोग आला. १४,३४१ जणांना अनोळखी बँडची ४८ गाणी ऐकायला आणि डाउनलोड करायला दिली. काहींना दुसऱ्यांनी किती डाउनलोड केलंय ते दिसत नव्हतं, बाकीच्यांचे आठ वेगळे गट केले आणि प्रत्येक गटाला फक्त आपल्या गटातले आकडे दिसायचे. गाणी तीच, तरी वेगळ्या गटात वेगळी गाणी वर गेली. फार चांगलं गाणं सहसा तळाला गेलं नाही, फार वाईट सहसा वर आलं नाही, पण मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं. म्हणून एखादी रील व्हायरल गेली की "त्यांनी हे केलं म्हणून" असं लिहायच्या आधी दहादा विचार कर, तेच केलेले आणि कुठंच न गेलेले बँड शोधून दाखव.

शहापूरकर_फायनल_सेम
बापरे. लिस्टचं डोक्यातच आलं नव्हतं. मग फॉर्म टाकूनच देऊ का? आणि व्ह्यूज, फॉलोअर्स हे आकडे तरी घेऊ ना, ते तर खरे असतात?

टिळकवाडी_रिसर्च
आकडे खरे, पण कशाचे ते बघ. पेज चालवणाऱ्याला इन्साइट्समध्ये (पेजची आतली आकडेवारी) टॉप लोकेशन्स दिसतात, म्हणजे बघणारे कुठल्या गावचे ते, तो स्क्रीनशॉट माग, तुला बाहेरून दिसणार नाही. बेळगावच्या पेजला पुण्या-मुंबईचे व्ह्यूज दिसले तर तिथून बुकिंग आलंय का ते विचार. आणि कॅप्शन मराठी म्हणून ऐकणारे मराठीच असं पण धरू नकोस, इथं एकाच रीलखाली कन्नड, मराठी, कोंकणी कॉमेंट असतात. पूर्वी क्राउडटँगलमधून रिसर्चवाले फेसबुक-इन्स्टाच्या पब्लिक पोस्ट बघायचे, ते मेटानं (या दोन्हींची मालक कंपनी) ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केलं, त्यामुळं आता माणसाकडं जाऊनच विचारायचं.

कीबोर्ड_अनगोळ
फॉर्म टाकू नको, प्रश्न बदल. "प्रमोशनसाठी काय वापरता" म्हटलं की माणूस शहाण्यासारखं उत्तर देतो. त्यापेक्षा "मागचे तीन कार्यक्रम कुठून मिळाले, पहिला फोन कुणाचा आला, त्याला तुमचा नंबर कुठून मिळाला" असं विचार. मग बघ किती वेळा इन्स्टाचं नाव येतं. येईल पण, नाही असं नाही. आजकाल पार्टी, म्हणजे बुकिंग करणारे, नंबर कुठूनही घेऊ दे, फोन करायच्या आधी पेज बघतेच. म्हणजे पेज काम आणत नाही पण आलेलं काम टिकवतं, असं निदान आमचं आहे. दुसऱ्यांचं वेगळं असेल, ते तू शोध.

आणि स्वतःची गाणी करणाऱ्या पोरांना आमच्यात मिसळू नको. त्यांना गाणं ऐकवायचंय, आम्हाला तारीख भरायचीय. युट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला १००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४००० तास वॉचटाइम लागतो (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज), स्पॉटिफायवर २०२४ पासून गाण्याला वर्षात १००० स्ट्रीम नसतील तर त्याचे पैसेच नाहीत. ते या आकड्यांमागं पळणार, आम्ही ॲडव्हान्समागं. दोघांच्या "प्रमोशन"ची सरासरी काढलीस तर कुणाचंच काही कळणार नाही.

खडेबाजार_बॉय
मान्य. पण एवढ्या लोकांना भेटणार कधी ही? सबमिशन कधी आहे?

शहापूरकर_फायनल_सेम
ऑगस्टच्या शेवटी. लिस्ट आता नव्यानं करते, मंगल कार्यालयं आणि मंडपवाल्यांकडनं नावं घेऊन. आणि जे बंद पडलेत त्यांना कसं गाठू?

कीबोर्ड_अनगोळ
साऊंडवाल्यांना विचार, त्यांना सगळे जुने बँड माहीत असतात, कुणाचे पैसे बाकी आहेत ते पण 😄 आणि आषाढात भेट सगळ्यांना. लग्नं नसतात, निवांत बोलतात. श्रावण लागला की गणपतीची प्रॅक्टिस सुरू होते, मग फोन पण उचलणार नाहीत.