पीसीआय कार्डाचा ड्रायव्हर जुन्या संगणकावर चालतो, नव्यावर प्रोब उणे १६ देऊन थांबतो

प्रश्न – वेर्णा

वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका लहान कंपनीत आम्ही पाण्याची पातळी मोजणाऱ्या यंत्रासाठी पीसीआय कार्ड तयार करतो. त्याचा लिनक्स ड्रायव्हर मी लिहीत आहे. कार्यालयातील जुन्या डेस्कटॉपवर मॉड्यूल व्यवस्थित लोड होते. मात्र जेटीवर बसवायच्या इंडस्ट्रियल पीसीवर प्रोब फंक्शन (कार्ड सापडल्यावर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ज्याला हाक मारतो ते) उणे १६, म्हणजे ‘ईबिझी’ (मागितलेली गोष्ट दुसऱ्याकडे आहे), देऊन परत येते. कार्डाला ६४ केबी मेमरीचा एकच बार (कार्डाच्या मेमरीचा पत्ता ठरवणारे रजिस्टर) आहे. पत्त्यांची टक्कर होत असेल असे वाटून कर्नलला पीसीआय रीअलॉकचा (पत्ते नव्याने वाटण्याचा) पर्याय दिला, त्याने बारचा पत्ता बदललाही, पण त्रुटी तीच राहिली. चवथीच्या सुट्टीपूर्वी यंत्र जागेवर जायला हवे. मेमरीचा हा भाग कोणी धरून ठेवला आहे, ते कसे शोधावे?

उत्तर – फोंडा

मेमरीच अडकली आहे, हे अजून सिद्ध झालेले नाही. मेमरीचा भाग मागणारे ‘रिक्वेस्ट रीजन्स’ आणि इंटरप्ट (कार्डाने प्रोसेसरचे लक्ष वेधायला दिलेला इशारा) मागणारे ‘रिक्वेस्ट आयआरक्यू’ ही दोन्ही फंक्शन्स रिसोर्स दुसऱ्याकडे असल्यास उणे १६ हाच आकडा देतात, त्यामुळे प्रोबने शेवटी परत केलेल्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. प्रत्येक मागणीनंतर वेगळा संदेश छापा. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या: तुमचे प्रोब मुळात बोलावले गेले, याचा अर्थ दुसरा कोणताही ड्रायव्हर या कार्डाशी जोडलेला नाही, जोडलेला असता तर कर्नलने तुमच्या प्रोबला हाकच मारली नसती.

त्यानंतर प्रॉकमधील आयओमेम ही फाइल (मेमरीच्या पत्त्यांची यादी) रूट म्हणून वाचा, कारण साध्या वापरकर्त्याला तिथले सगळे पत्ते शून्य दिसतात. कार्डाच्या ओळीखाली दुसरे कोणाचे नाव असेल तर तो धरणारा. नसेल तर प्रॉकमधीलच इंटरप्ट्सची फाइल आणि डीमेसेज (कर्नलच्या संदेशांची नोंद) पाहा.

प्रश्नकर्ता – वेर्णा

आपला अंदाज बरोबर निघाला. मेमरीची मागणी यशस्वी होते आणि आयओमेममध्ये आमच्याच ड्रायव्हरचे नाव दिसते. अडते ते इंटरप्टपाशी. डीमेसेजमध्ये ‘फ्लॅग्स मिसमॅच आयआरक्यू १८’ अशी, म्हणजे १८ क्रमांकाच्या इंटरप्ट लाइनवर फ्लॅग जुळत नाहीत अशी, ओळ आहे. त्यात आमच्या नावाआधी ०००००००० आणि आय८०१ एसएमबसच्या (मदरबोर्डवरील छोट्या चिप्सशी बोलणाऱ्या बसच्या ड्रायव्हरच्या) नावाआधी ००००००८० असे आकडे आहेत.

उत्तर – मडगाव

एसएमबसचे मॉड्यूल ब्लॅकलिस्ट करून, म्हणजे लोड होऊ न देता, पाहा, तुमचे कार्ड लगेच चालू लागेल.

उत्तर – फोंडा

निदानापुरते ते ठीक आहे, पण जेटीवर जाणाऱ्या यंत्रात तसे करू नये. एसएमबसवर तापमानाचे सेन्सर असू शकतात, आणि उद्या त्या लाइनवर नेटवर्क कार्ड आले तर तेही बंद करणार का?

त्या ओळीतला पहिला आकडा नव्या मागणीचा आणि दुसरा आधीच्या धारकाचा असतो. ८० म्हणजे ‘शेअर्ड’ हा फ्लॅग. एसएमबसचा ड्रायव्हर लाइन वाटून घ्यायला तयार आहे, तुमचा ती एकट्याला मागतो, म्हणून कर्नल नकार देतो. जुन्या डेस्कटॉपवर त्या लाइनवर दुसरे कोणी नसावे, म्हणून तिथे हे लपून राहिले.

कार्डाला एमएसआय (लाइनऐवजी मेमरीत लिहून दिलेला इंटरप्ट) असेल तर तोच मार्ग घ्या, कारण तो इंटरप्ट कोणाशी वाटावा लागत नाही. मात्र तो मेमरीवरील लेखनातून येत असल्याने आधी बस मास्टर (कार्डाला स्वतः मेमरीत लिहिण्याची मुभा) चालू करावा लागतो. एमएसआय नसेल तर शेअर्ड फ्लॅग द्या आणि डेव्ह आयडी (लाइनवरील तुमच्या हँडलरची ओळख) म्हणून तुमच्या स्ट्रक्चरचा पॉइंटर द्या. तिथे नल, म्हणजे रिकामा पॉइंटर, चालत नाही.

खरे काम हँडलरमध्ये, म्हणजे इंटरप्ट आल्यावर धावणाऱ्या फंक्शनमध्ये, आहे. प्रत्येक वेळी कार्डाचे स्टेटस रजिस्टर वाचून इंटरप्ट आपला नसेल तर ‘आयआरक्यू नन’ परत करा. नेहमी ‘हँडल्ड’ म्हणणारा हँडलर वरवर चालतो, पण लाइन अडकली तरी कर्नलला ते कळत नाही. उलट, १,००,००० इंटरप्टपैकी ९९,९०० हून अधिक कोणीच स्वीकारले नाहीत तर कर्नल ‘नोबडी केअर्ड’ म्हणत ती लाइनच बंद करतो, आणि तुमच्यासोबत एसएमबसही थांबतो.

मागणीचा क्रमही तपासा. वाटून घेतलेल्या लाइनवर शेजाऱ्याच्या इंटरप्टमुळे तुमचा हँडलर रिक्वेस्ट आयआरक्यू परतण्याआधीच धावू शकतो, म्हणून बारचे मॅपिंग (कार्डाची मेमरी ड्रायव्हरला वाचता-लिहिता येण्याची सोय) आणि लॉक त्याआधी तयार हवेत. काढताना उलट, आधी इंटरप्ट सोडा, मग मॅपिंग.

प्रश्नकर्ता – वेर्णा

देव बरे करू. आमच्या कार्डाला एमएसआय नाही, म्हणून शेअर्ड फ्लॅग दिला, स्टेटसची तपासणी घातली आणि मॅपिंग आधी घेतले. आता १८ क्रमांकाच्या ओळीत दोन्ही नावे दिसतात. एकच शंका उरते: स्टेटसचा बिट १ लिहून पुसला, तरी हँडलर कधीकधी लगेच पुन्हा येतो आणि स्टेटस शून्य दिसते.

उत्तर – फोंडा

पीसीआयवरील लेखन पोस्टेड असते, म्हणजे ते कार्डापर्यंत पोचण्याची वाट न पाहता प्रोसेसर पुढे जातो. ते ब्रिजमध्ये (प्रोसेसर आणि कार्ड यांच्यामधल्या चिपमध्ये) रेंगाळते आणि तोवर कार्ड लाइन सोडत नाही. बिट पुसल्यावर तेच रजिस्टर एकदा वाचून मग हँडलरमधून परता. त्या वाचनामुळे आधीचे लेखन कार्डापर्यंत पोचल्याखेरीज पुढे जाता येत नाही.