मदत हवी आहे: चार्जिंगच्या थांब्यांसह मार्ग आखताना कोणत्या साधनावर विसंबावे?

दूरचा_पल्ला
परवा पहाटे आम्हाला विजेच्या गाडीने सहकुटुंब ४३० किलोमीटरच्या प्रवासाला निघायचे आहे, आणि मार्ग आखणारी साधने एकमेकांशी जुळणारे उत्तर देत नाहीत. गाडीच्या पडद्यावर एकच थांबा पुरेसा दिसतो, 'अ बेटर रूटप्लॅनर' हे मार्ग आखणारे ॲप दोन थांबे सांगते, आणि फोनवरील गूगल मॅप्स बॅटरीचा विचारच न करता सरळ रस्ता दाखवते. यातच माझे दोन तास गेले आहेत. यांपैकी कोणाचे ऐकावे, एवढेच कृपया सांगावे.

विद्युतरथी
गाडी कोणती, बॅटरीची वापरता येणारी क्षमता किती, वेग किती ठेवणार आणि वाटेत मोठा चढ आहे का, यांपैकी एकही गोष्ट आपण लिहिलेली नाही. ही माहिती असल्याशिवाय एक थांबा बरोबर की दोन, हे कोणालाही सांगता येणार नाही.

वाटसरू
माझ्या मते गाडीतील प्रणालीचेच ऐकावे. बॅटरीचे तापमान आणि नेमका शिल्लक भार (चार्ज) तिलाच ठाऊक असतो. शिवाय अनेक गाड्यांमध्ये जलद चार्जर हे पुढचे ठिकाण म्हणून गाडीच्या नकाशात टाकले, तरच बॅटरी आधीपासून योग्य तापमानाला आणली जाते. फोनवरचा नकाशा पाहत गेल्यास थंडीत तोच चार्जर फार संथ वेग देतो.

फाटकापाशी
वाटसरू यांच्याशी मी सहमत नाही. गाडीच्या नकाशात चालू दिसणाऱ्या एका चार्जरपाशी आम्ही रात्री पोहोचलो तेव्हा त्या आवाराचे फाटक बंद होते, आणि ९ टक्के बॅटरीवर २० किलोमीटर मागे फिरावे लागले. तेव्हापासून मी प्लगशेअर या चार्जर शोधण्याच्या ॲपवर चालकांच्या अलीकडच्या नोंदी वाचल्याशिवाय कोणताही थांबा पक्का करत नाही. मार्ग कोणीही आखो, चार्जर चालू आहे का हे तिथे नुकत्याच जाऊन आलेल्या माणसालाच ठाऊक असते.

ऊर्जामित्र
बॅटरीचे आयुष्य जपायचे असेल, तर ८० टक्क्यांपेक्षा अधिक चार्ज कधीही करू नये.

विद्युतरथी
ऊर्जामित्र, हा प्रश्न येथे कोणी विचारलेला नाही, आणि 'कधीही' हा शब्दही योग्य नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीला अधूनमधून १०० टक्के चार्ज करण्यास उत्पादकच सांगतात, कारण एरवी शिल्लक भाराचा अंदाज चुकू लागतो. इतर बॅटऱ्यांनाही लांबच्या प्रवासास निघण्याआधी पूर्ण भरल्याने बाधा येत नाही. त्या पूर्ण भरून दिवसचे दिवस उभ्या ठेवू नयेत. वाटेतल्या थांब्यावर मात्र ८० टक्क्यांना निघावे, कारण त्यानंतर चार्जिंगचा वेग बराच घसरतो.

दूरचा_पल्ला
बॅटरी ५८ किलोवॅट-तासांची आहे, वेग साधारण १०० राहील, आणि शेवटच्या टप्प्यात सुमारे ८०० मीटरचा चढ आहे. आजवरच्या वीजवापराची सरासरी किलोमीटरला १५० वॉट-तास आहे. हाच आकडा ॲपमध्ये भरावा काय?

चढउतार
हा आकडा कृपया भरू नये. ती सरासरी शहरातील संथ वेगासह निघालेली आहे, तर ॲपमधील संदर्भ-वापर, म्हणजे हिशेबासाठी धरलेला किलोमीटरमागचा वीजवापर, ताशी ११० किलोमीटर वेगाचा असतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० वरून ११० वर गेल्यास तो जवळजवळ १.९ पट होतो. प्रवाशांसह १८०० किलो भरणारी गाडी ८०० मीटर वर नेण्यास सुमारे ४ किलोवॅट-तास लागतात, म्हणजे आपल्या बॅटरीचे साधारण ७ टक्के. परंतु चढाचा हिशेब ॲप स्वतःच करते. माझी शंका वेगळी आहे. दोन साधनांत एका संपूर्ण थांब्याचा फरक पडतो, तेव्हा बहुधा ॲपमध्ये गाडीचा प्रकार चुकीचा निवडलेला असतो. आपण नेमका कोणता निवडला आहे?

दूरचा_पल्ला
आपली शंका खरी ठरली. त्याच नावाच्या गाडीचा ४० किलोवॅट-तासांचा जुना प्रकार यादीत वर होता आणि घाईत मी तोच निवडला होता. तो बदलल्यावर ॲपही एकच थांबा सांगते, आणि तो गाडीने सुचवलेलाच निघाला.

फाटकापाशी
त्या थांब्यावरची शेवटची नोंद किती दिवसांपूर्वीची आहे, आणि तिथे किती चार्जर आहेत?

दूरचा_पल्ला
नोंद तीन आठवड्यांपूर्वीची आहे आणि चार्जर एकच आहे. त्याच्या १८ किलोमीटर अलीकडे चार चार्जरचे ठिकाण आहे, जिथे कालच दोघांनी यशस्वी चार्जिंगची नोंद केली आहे. तिथे पोहोचताना १५ टक्के शिल्लक राहतील असे ॲप दाखवते. आता तेच ठिकाण गाडीच्या नकाशात टाकले आहे, आणि चढ ध्यानात घेऊन मुक्कामी पोहोचतानाचा किमान भार १० ऐवजी १५ टक्के केला आहे.