नमुन्यांसोबत वाढ्याचीही नोंद हवी

ऊस जमिनीतून किती अन्नद्रव्यं उचलतो हे मोजताना उसाचे नमुने वाढवले की आकडे आपोआप सुधारतील, असं काहीजण म्हणतात. मला अर्धंच पटतं. वाळव्याच्या (सांगली जिल्हा) उसाने किती नत्र (N), स्फुरद (P), पालाश (K) उचललं हे नुसत्या कांडीवरून काढलं तर हिशेब फसतो. आमच्याकडे वाढं (उसाचा हिरवा शेंडा) तोडणीवाल्यांच्या बैलांना जातं, उरलेलं विकतात. म्हणजे त्यातला पालाश शेताबाहेर गेला. पाचट (उसाची वाळलेली पानं) सरीत कुजवलं तर त्यातला पालाश शेतातच राहतो; पेटवलं तर बहुतेक नत्र हवेत जातं आणि पालाश राखेत उरतो. वाढ्याचं, पाचटाचं काय झालं याचे रकानेच नोंदीत नसतील तर ढीगभर नमुने घेऊन काय करायचं?

एककाचाही घोळ असतोच. खताच्या गोणीवर ऑक्साइड रूपातले (P₂O₅, K₂O) आकडे, प्रयोगशाळेच्या कागदावर कधीकधी मूलद्रव्याचे (P, K). मूलद्रव्याचा आकडा ऑक्साइडशी जुळवायला स्फुरद २.२९ ने, पालाश १.२ ने गुणावा लागतो. ओल्या वजनावर की वाळलेल्या, हे न लिहिलेला आकडा मी तरी वापरत नाही.