‘किल’, ‘झोंबी’ आणि ‘नाइस’ यांना मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : लिनक्सच्या कमांड लाइनवरून चालू प्रोसेस (सुरू असलेले प्रोग्राम) कशा पाहाव्यात व आवराव्यात, याची मराठी पुस्तिका मी लिहीत आहे. ‘प्रोसेस’साठी ‘प्रक्रिया’ चालेल असे वाटते. परंतु ‘किल’ला ‘मारणे’ आणि ‘झोंबी’ला ‘पिशाच्च’ लिहिताना लेखणी अडखळते. अधिक नेमके शब्द सुचतील का?

पहिले उत्तर : अडखळते ते योग्यच आहे, कारण ‘किल’ ही आज्ञा स्वतः कोणाला मारत नाही; दिलेल्या क्रमांकाच्या प्रक्रियेकडे ती केवळ एक संकेत पाठवते. वेगळे काही न सांगितल्यास तो १५ क्रमांकाचा ‘टर्म’ संकेत असतो आणि तो मिळाल्यावर प्रक्रिया आपल्या फायली नीट मिटवून थांबू शकते किंवा त्याकडे साफ दुर्लक्षही करू शकते. ९ क्रमांकाच्या संकेतापुढे मात्र तिला असा पर्याय उरत नाही, कारण तेथे कर्नलच, म्हणजे लिनक्सचा गाभाच, तिचा शेवट करतो. म्हणून १५ साठी ‘थांबण्यास सांगणे’ आणि ९ साठी ‘सक्तीने संपवणे’ असा भेद ठेवावा. संकेताचा क्रमांक ० दिल्यास तर कोणताच संकेत जात नाही, ती प्रक्रिया अस्तित्वात आहे का एवढेच तपासले जाते. तेथे ‘मारणे’ लिहिणे हास्यास्पद ठरेल.

दुसरे उत्तर : ‘झोंबी’साठी मला ‘नामशेष’ हा शब्द सुचवावासा वाटतो. अशी प्रक्रिया संपलेली असते, तिची मेमरी मोकळी झालेली असते, पण तिला सुरू करणाऱ्या पालक प्रक्रियेने तिचा निकाल वाचून न घेतल्यामुळे कर्नलच्या तक्त्यात तिची नोंद तेवढी उरते. प्रक्रियांची यादी दाखवणाऱ्या ‘पीएस’ आज्ञेच्या स्थितीच्या रकान्यात ती ‘झेड’ या अक्षराने ओळखू येते. जिचे केवळ नाव शेष आहे, ती नामशेष. तिच्यावर ९ क्रमांकाच्या संकेताचाही उपयोग होत नाही, कारण संपलेल्याला पुन्हा काय संपवणार? याउलट जिचा पालक आधी संपतो, ती ‘पोरकी’, आणि तिला सहसा १ क्रमांकाची प्रक्रिया सांभाळते.

प्रश्नकर्ता : व्युत्पत्ती चपखल आहे, परंतु आज ‘नामशेष’ म्हणजे मागमूसही न उरलेले असेच वाचक समजतील, आणि येथे अडचण नेमकी मागमूस उरण्याची आहे. ‘नोंदशेष’ कसा वाटतो?

दुसरे उत्तर देणारा : समास धेडगुजरी आहे, पण अर्थ चुकत नाही, माझा आग्रह मी सोडतो.

पहिले उत्तर देणारा : ‘नाइस’ या, प्रक्रियेचा अग्रक्रम ठरवणाऱ्या मूल्यासाठी ‘सौजन्य’ टाळावे. हे मूल्य उणे २० ते १९ असते आणि ते जितके मोठे, तितकी ती प्रक्रिया प्रोसेसरचा वेळ इतरांसाठी सोडते. याला आपल्याकडे ‘पडते घेणे’ हा वाक्प्रचार आयताच आहे. सामान्य वापरकर्ता आपल्या प्रक्रियेला अधिक पडते घ्यायला लावू शकतो, मात्र ते मूल्य पुन्हा खाली आणण्यासाठी त्याला सहसा रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचे, अधिकार लागतात.