मदत हवी आहे: हिरड्यांमुळे ताप येतो का? (इंदूर)

राजवाडा_रिटर्न
बाबांचा ताप उतरतो, पुन्हा चढतो. डेंग्यू, मलेरिया, टायफॉईड सगळं निगेटिव्ह. आता फिजिशियन म्हणतात हिरड्या दाखवा, तिथले जंतू रक्तात गेले असतील. असं होतं की उगाच फिरवताहेत? पलासियाकडे डेंटिस्ट सुचवा. लवकर!

तिळगूळ
वय? शुगर? हृदयाचं ऑपरेशन वगैरे?

कडुनिंब_काका
लवंगतेल लावा. आमची आजी पंच्याऐंशीव्या वर्षी ऊस सोलायची दातांनी.

राजवाडा_रिटर्न
६४, शुगर आहे. आजींना नमस्कार, पण प्रश्न तापाचा आहे काका.

तिळगूळ
ऑपरेशनचं राहिलं.

राजवाडा_रिटर्न
व्हॉल्व्ह बदललाय, पण त्याला कितीतरी वर्षं झाली. त्याचं काय इथे?

तिळगूळ
अहो, सगळं त्यातच आहे! हिरड्या सुजलेल्या असल्या की घास चावताना, ब्रश करतानाही जंतू रक्तात शिरतात. एरवी शरीर त्यांना लगेच निपटतं. कृत्रिम व्हॉल्व्हवर मात्र तोंडातले स्ट्रेप्टोकॉकस चिकटून पुंजका धरतात. त्याचा तुकडा सुटून मेंदूच्या धमनीत अडकला तर पक्षाघात. जंतू धमनीच्या भिंतीत शिरले तर ती फुगते, फुटूही शकते. डेंटिस्ट नंतर. आजच कार्डिओलॉजिस्ट गाठा. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू बाटलीत वाढवून बघायची तपासणी), वेगवेगळ्या जागांहून, तीनदा. मग इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, बहुतेक अन्ननलिकेतून करतात ती.

स्टेंटवाली_मावशी
एवढं कशाला? दाताच्या कामाआधी २ ग्रॅम अमॉक्सिसिलिन, म्हणजे अँटिबायोटिक, घ्यायचं. मी स्टेंट बसल्यापासून घेते.

तिळगूळ
मावशी, नुसत्या स्टेंटला त्याची गरज नसते. व्हॉल्व्हवाल्यांना असते, अर्धा ते एक तास आधी. पण ते संसर्ग टाळण्यासाठी. ताप चालू असताना गिळलं तर कल्चरमध्ये जंतू कदाचित उगवणारच नाही.

स्टेंटवाली_मावशी
माझ्या डॉक्टरांनी सांगितलंय. तुम्ही डॉक्टर आहात का?

तिळगूळ
नाही, कल्चरच्या बाटल्या लावते. रोज.

छप्पन_भिया
मूळ दोष शेवेचा. पोह्यांवरची शेव हिरडीत अडकते ती संध्याकाळपर्यंत निघत नाही.

कडुनिंब_काका
शेवेला नावं ठेवू नका. रतलामी की उज्जैनी?

राजवाडा_रिटर्न
केमिस्टने दिलेली अझिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) चालू आहे. मग कल्चर?

तिळगूळ
तरीही द्या, फक्त गोळीचं नाव आणि शेवटचा डोस कधी घेतला ते सांगा. व्हॉल्व्हसाठी रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका; अझिथ्रोनं आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा) वाढू शकतो, तोही तपासा. हातपाय लुळे पडले, बोलणं अडखळलं तर थेट इमर्जन्सीत.

राजवाडा_रिटर्न
निघालो.

नवी_सभासद
धाग्यावरच विचारते, मुलीला ब्रेसेस लावायच्यात. साधारण खर्च किती येतो?