एकोणीस दिवसांत कोणाकोणाकडे जावे?

प्रश्न
आम्ही अकरा वर्षे न्यू जर्सीतील एडिसन येथे राहतो आणि चार वर्षांनंतर प्रथमच घरी येत आहोत. यंदा अधिक ज्येष्ठामुळे गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आली असून, मुलीची शाळा तोवर सुरू झालेली असल्यामुळे रजा जेमतेम १९ दिवसांची जमली. सासर चिपळूणचे, तेथे गौरी-गणपती असतात; माहेर सोलापूरचे, तेथे उभ्या महालक्ष्म्या असतात आणि दोन्ही घरे मला त्याच दिवशी हवी आहेत. शिवाय पुण्यात वसतिगृहातल्या मैत्रिणी आहेत. मागच्या खेपेस आम्ही २३ घरे केली, प्रत्येक ठिकाणी पोहे खाल्ले, चॉकलेटची पिशवी ठेवली आणि निघालो. परतताना जाणवले की कोणाशीही धड बोलणे झालेले नाही. या वेळी कोणाला वगळावे आणि ते कसे सांगावे?

उत्तर १
मी मस्कतहून दरवर्षी रत्नागिरीला जातो. चतुर्थी आणि महालक्ष्म्यांचे आगमन यांत दोन-तीन दिवसांचे अंतर असते, त्यामुळे गणपती चिपळूणला आणि महालक्ष्म्या सोलापूरला हे जमण्यासारखे आहे. कुंभार्ली घाटाने कराडमार्गे जाण्यात एक पूर्ण दिवस मोडेल, एवढेच. मात्र हा बेत नवऱ्याने परस्पर आईला कळवू नये. गेली चार वर्षे सासरी गौरींचे सगळे कोणी केले असेल? बहुधा तुमच्या जावेने. पहिला फोन त्यांना करा. रेल्वेने जाणार असाल तर आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते, म्हणजे १२ सप्टेंबरच्या गाडीचे १४ जुलैला, आणि गणपतीच्या गाड्या पाहता पाहता भरतात.

उत्तर २
ताई, मी सांगलीतच राहिलेली, म्हणजे पलीकडच्या बाजूची आहे. माझी एक मैत्रीण परदेशातून आली की पुण्यातल्या हॉटेलात शनिवारी सर्वांना एकत्र बोलावते. आम्ही रजा टाकून, एसटीने जवळजवळ पाच तास प्रवास करून जातो आणि लांबलचक टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून तिला जेवताना पाहतो. यापेक्षा तिने एखाद्या वर्षी मला वगळून पुढच्या वर्षी एक रात्र मुक्कामाला यावे, असे मला मनापासून वाटते. न येण्याचा राग आठवडाभर टिकतो. येऊन सारखे घड्याळाकडे पाहण्याचा मात्र बराच काळ जात नाही. चिपळूणलाही ऐन चतुर्थीच्या सकाळी पाहुण्यांसारख्या उगवू नका. आदल्या दिवशी पोहोचा, नारळ खवायला बसा. आमच्याकडे वर्षभराचे बोलणे विळीभोवतीच होते. (चॉकलेटे आता कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात, हेही जाता जाता सांगते.)

मूळ प्रश्नकर्ती
जावेला काल फोन केला. तिचे पहिले वाक्य होते, ‘महालक्ष्म्यांना तू सोलापूरला जा, पण १३ तारखेला इथे ये, उकड एकटीने काढून माझे हात भरून येतात.’ मी तिला चार वर्षांत याबद्दल एकदाही विचारले नव्हते. पुण्यात एकाच मैत्रिणीकडे दोन रात्री राहणार आहोत. उरलेल्या चौघींना पत्रे लिहायला घेतली आहेत, पैकी दोन झाली.