घरातली प्रार्थना, मंडळीतली जबाबदारी : सीमाभागातल्या विश्वासणाऱ्यांचे अनुभव

सर्वांना जय ख्रिस्त.

बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम 1820 साली सुरू झालं. म्हणजे इथल्या मंडळीला, ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांच्या समाजाला, दोनशे वर्षं होऊन गेली. स्मरणिका निघतात, जुन्या पाळकांच्या नावांच्या फळ्या लागतात, ते चांगलंच आहे. पण एवढी वर्षं विश्वास टिकला तो जास्त करून घराघरांतल्या संध्याकाळच्या प्रार्थनेत, असं मला ठामपणे वाटतं, आणि त्याची नोंद कुठंच नाही. ती इथं व्हावी म्हणून हा धागा.

तुम्हाला प्रार्थनेची सवय कुणी लावली? लग्न, मुलं, आजारपण यांत ती कशी बदलत गेली? आणि पंच (चर्च कमिटीचे सभासद), खजिनदार, शब्बाथ शाळेच्या (मुलांच्या रविवारच्या वर्गाच्या) बाई, महिला मंडळाच्या अध्यक्षा म्हणून काम अंगावर आलं तेव्हा घरची ती सवय कामी आली का? मेथडिस्ट, कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), पेंटेकॉस्टल, सगळ्यांनी लिहा. वादाचा प्रसंग असेल तर चर्चचं आणि माणसांचं नाव घालू नका, एवढीच विनंती.

कोल्हापूरची लेक, बेळगावची सून

माझं माहेर कोल्हापूरचं. अमेरिकन मिशनरी वाइल्डर साहेबांनी 1852 मध्ये तिथं मिशन सुरू केलं, त्या परंपरेतलं आमचं घर. गीतं मराठी, प्रार्थना मराठी. लग्न होऊन बेळगावात आले तर सासूबाई धारवाडकडच्या, बासेल मिशनच्या घरातल्या. रात्री जेवणाआधी चटई पसरायची, कन्नड शास्त्र वाचायचं, कन्नडमध्येच प्रार्थना. मी मान खाली घालून बसायची. एका रात्री सासूबाई म्हणाल्या, “तुझ्या भाषेत कर की गं. देवाला काय कळत न्हाई होय?”

तेव्हापासून आमच्याकडे प्रभूची प्रार्थना दोन भाषांत एकदम होते. त्या ‘परलोकदल्लिरुव नम्म तंदेये’ म्हणतात, मी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणते. ज्याचं आधी संपेल त्यानं थांबायचं, आमेन सगळ्यांनी मिळून. माझ्या मुलांना हे इतकं सवयीचं झालंय की एकाच भाषेतली प्रार्थना त्यांना अपुरी वाटते.

शब्बाथ शाळा माझ्याकडे आली तेव्हा वर्गात निम्मी मुलं कन्नड बोलणारी, निम्मी मराठी, आणि शाळा सगळ्यांची इंग्लिश मीडियम. काय करायचं हे मला कुणाला विचारावं लागलं नाही. वचन दोन्ही भाषांत वाचायचं, प्रार्थना ज्याला जशी येईल तशी. सासूबाई आता फारशा उठत नाहीत, पण रविवारी मी घरी आले की आज कुठल्या मुलानं काय मागितलं हे आधी विचारतात आणि रात्री त्या मुलाचं नाव घेतात.

निपाणीचा खजिनदार

वडील तंबाखूच्या वखारीत हमाल होते. पगार झाला की पैसे चटईवर ठेवायचे, आम्हां भावंडांना बसवायचे, प्रार्थना करायचे आणि मग सगळ्यांसमोर दशांश, म्हणजे देवासाठीचा दहावा भाग, वेगळा काढायचे. उरलेल्यात महिना कसा जाणार हे आईला ठाऊक असायचं, तरी ती कधी काही बोलली नाही. पैसा उजेडात मोजायचा, हे मी तिथं शिकलो.

खजिनदार झालो तेव्हा मंडळीपुढे काही गोष्टी मांडल्या. अर्पण मोजायला दोन माणसं, तीही एका घरातली नकोत. वहीवर दोघांच्या सह्या. सोमवारी रक्कम बँकेत. महिन्याचा हिशेब उपासनेनंतर मोठ्यानं वाचायचा. एक-दोन वडीलधारे दुखावले. “आमच्यावर विश्वास न्हाई काय?” म्हणाले. मी बायबलमधल्या पौलाच्या 2 करिंथ पत्राचा 8 वा अध्याय काढून दिला. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा झालेलं दान पौल एकट्यानं हाताळत नाही, आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी बंधू पाठवतो आणि कारणही सांगतो, की या दानाच्या बाबतीत आपल्याला कुणी बोल लावू नये. पौलाला ही काळजी घ्यावीशी वाटली, तर आम्ही का घेऊ नये?

सगळ्यात अवघड काम सुगीच्या सणाचं. गुळाची ढेप, नारळ, कोंबडी, नाचणीचं पोतं यांचा लिलाव होतो, लोक आनंदानं चढी बोली लावतात आणि पैसे उधार राहतात. ही उधारीची यादी मी उपासनेत वाचत नाही. त्या घरी जातो, आधी प्रार्थना करतो, मग विचारतो. काही घरी गेल्यावर दिसतं की मागायला नव्हे, द्यायला यायला हवं होतं. मग तसं पंचांना कळवतो. खजिनदारानं घरं फिरलीच पाहिजेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

लोंढ्याहून

वडील रेल्वेत, ड्यूटीची वेळ ठरलेली नाही. ते येतील तेव्हा प्रार्थना, मग रात्र कितीही झालेली असो. आई आम्हांला झोपेतून उठवायची. तेव्हा रडायचो. आता मी पुण्यात नोकरीला आहे आणि रात्री घरून व्हिडिओ कॉल येतो. तरुण संघाची जबाबदारी घेतल्यावर शिफ्टमध्ये काम करणाऱ्या मुलांसाठी आम्ही तसंच केलं, ते मोकळे होतील ती वेळ धरायची.

खानापूर तालुका, कॅथलिक घर

बेळगाव धर्मप्रांत 1953 मध्ये वेगळा झाला, तेव्हाचं आजी सांगायची. त्या काळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये. आजीला शब्द कळत नसत, पण घरची तेर्स (जपमाळेची प्रार्थना) कोंकणीत होती, ती तिला तोंडपाठ. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लोकांच्या भाषेत आली आणि आम्ही नातवंडं जपमाळ मराठीत म्हणू लागलो.

आमच्याकडे पावसाळ्यात ओढे भरले की वाट बंद. फादरना दर रविवारी येणं जमत नाही. मग गावातल्याच कुणीतरी वाचनं घ्यायची, प्रार्थना चालवायची. हे काम माझ्याकडे आलं तेव्हा मी घाबरले होते. पण कुणी वारलं की त्या घरी ओळीनं रात्री जपमाळ चालवायची ती माझी आई, हे मी लहानपणापासून बघत आले होते. शेजारची मराठा घरातली माणसंही येऊन ओसरीवर बसत. आईनं त्यांना कधी प्रश्न केला नाही, चहा दिला. मीही तेच करते.

बेळगावचा एक पंच

भाषेचा विषय निघालाच आहे तर लिहितो. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासून बाहेर जो मराठी-कन्नड ताण आहे, तो चर्चच्या फाटकात थांबत नाही. आमच्याकडे मराठी आणि कन्नड दोन उपासना, इमारत एक. नाताळच्या सकाळची सोयीची वेळ कुणाला, यावरून बोलणं बंद होण्यापर्यंत गोष्ट गेली होती.

मीटिंगच्या आधी आमच्या पाळकांनी दोन्हीकडच्या पंचांना एकच काम दिलं. एकमेकांच्या घरी जाऊन कौटुंबिक प्रार्थनेला बसायचं. विषय काढायचा नाही. मी ज्यांच्याकडे गेलो त्यांची मुलगी डायलिसिसवर होती. इतकी वर्षं एका आवारात वावरूनही मला ते माहीत नव्हतं. त्या घरात गुडघे टेकल्यावर वेळेसाठी भांडण्याची ताकद माझ्यात उरली नाही.

मीटिंगमध्ये प्रेषितांची कृत्ये, 6 वा अध्याय वाचला. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी कुरकुर झाली, तेव्हा सात जण निवडले. स्तेफन, फिलिप्प आणि बाकीचे; सातांचीही नावं ग्रीक आहेत. तक्रार ज्यांची होती, त्यांच्याच हाती वाटप दिल्यासारखं झालं. आम्ही मराठी पंचांनी ठराव मांडला की वेळापत्रक कन्नड बंधूंनी करावं, आम्ही मान्य करू. त्यांनी आलटून पालटून वेळ लावली. आमच्यातले काही अजून नाराज आहेत. त्यांच्याही घरी जाणं चालू आहे.

चिकोडीकडून, एक विधवा बहीण

सगळ्यांचे अनुभव वाचून बरं वाटलं, पण माझंही लिहावंसं वाटतं. माझे पती बरे व्हावेत म्हणून मंडळीनं उपवास-प्रार्थना केली आणि ते गेले. नंतर कितीतरी दिवस मला प्रार्थनाच येईना. महिला मंडळाच्या बायका यायच्या, मला काही म्हणायला सांगायच्या नाहीत. एकीनं फक्त 13 वं स्तोत्र वाचलं, ज्यात दावीद देवाला ‘कोठवर?’ असं पुन्हा पुन्हा विचारतो. तसं विचारणंही प्रार्थना आहे हे मला तेव्हा कळलं. आता महिला मंडळ माझ्याकडे आहे. दुःखाच्या घरी गेल्यावर ‘देवाची इच्छा’ हे शब्द कुणी उच्चारायचे नाहीत, असं मी आमच्या बहिणींना सांगून ठेवलंय.

पाळकाच्या घरातून

यजमान पाळक आहेत. दर थोड्या वर्षांनी बदली, नवं गाव, नवी शाळा. दार सतत उघडं. ते सगळ्यांच्या घरच्या प्रार्थनेला जात आणि आमच्या घरची प्रार्थना मी आणि मुलंच करत असू. हे बोलायचं कुणाकडे?

निर्गम 18 वा अध्याय वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरली. सासरा इथ्रो मोशेला सांगतो की एकट्यानं सगळ्यांचा न्याय करत बसशील तर थकून जाशील, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. यावर प्रवचनं पुष्कळ होतात. पण तो अध्याय सुरू होतो तो इथ्रो मोशेची बायको आणि दोन मुलगे त्याच्याकडे घेऊन येतो तिथून. आधी घर परत आणलं, मग कामाची वाटणी सांगितली. हे मी यजमानांना रात्री वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढच्या कमिटीत त्यांनी हाच भाग घेतला आणि घरगुती प्रार्थनासभा पंचांनी वाटून घ्याव्यात असं सुचवलं. सोमवारची संध्याकाळ आता आमची आहे. कुणी आजारी असेल, कुणी गेलं असेल तर अर्थात ते जातात, आणि तशा वेळी मुलंही म्हणतात, “बाबा, जा.” पंचांपैकी दोघांनी आपल्या बायकांना बरोबर घेऊन प्रार्थनासभा चालवायला सुरुवात केली आहे. त्यातली एक बहीण पहिल्यांदाच मोठ्यानं प्रार्थना करत होती.